डीएनएसमधले पडीक रेकॉर्ड: सर्व्हरला येतात, पॅनेलला आणि ॲपला येत नाहीत

झोनफाईलवाला (धागाकर्ता)

मंडळी,

डीएनएस म्हणजे डोमेनचं नाव दिलं की पत्ता वगैरे सांगणारी इंटरनेटची वही, आणि रेकॉर्ड म्हणजे तिच्यातली एकेक नोंद. कुठल्याही होस्टिंगवाल्याचं डीएनएस पॅनेल उघडा आणि 'टाइप'ची यादी खाली ओढा. ए आणि क्वाड-ए (आयपी पत्ते), सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट), एमएक्स (मेल), टीएक्सटी (मोकळा मजकूर). नशीब जोरावर असेल तर एसआरव्ही आणि सीएए. संपली यादी. डीएनएसमध्ये याच्या कितीतरी पट जास्त रेकॉर्ड प्रकार ठरलेले आहेत, त्यातले बरेच विचार करून केलेले आहेत, आणि बाइंड, एनएसडी, नॉट, पॉवरडीएनएस हे सर्व्हर ते बिनतक्रार देतात. २००३ च्या आरएफसी ३५९७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे नंबर दिलेले कागद) प्रमाणे तर सर्व्हरला अनोळखी असलेला प्रकारही नुसत्या नंबरावर पुढे देता आला पाहिजे. म्हणजे मधली पाइपलाइन चोख आहे, गळती दोन्ही टोकांना आहे. एका टोकाला रेकॉर्ड भरायचं पॅनेल, दुसऱ्या टोकाला तो वाचायचं ॲप.

सुरुवात एसआरव्हीपासून करतो, कारण माझा जीव त्याच्यावर. 'या डोमेनचं मेल कुठल्या मशीनवर टाकायचं' हे सांगायला १९८६ पासून एमएक्स आहे. म्हणून तर वेबसाइट एका कंपनीकडे आणि मेल दुसरीकडे सुखाने नांदतं. ही सोय फक्त मेललाच का, या प्रश्नातून १९९६ मध्ये एसआरव्ही प्रायोगिक म्हणून आला आणि २००० मध्ये आरएफसी २७८२ मध्ये पक्का झाला. सेवेचं नाव, प्रोटोकॉल आणि डोमेन घेऊन विचारायचं; उत्तरात प्राधान्य, वजन, पोर्ट आणि मशीनचं नाव येतं. प्राधान्यावरून मुख्य कोण, राखीव कोण ते कळतं. वजनावरून दोन मशीनमध्ये ६०-४० अशी वाटणी होते. मशीनच्या नावाच्या जागी नुसता टिंब असेल तर 'ही सेवा इथे नाही, पुन्हा विचारू नका'. लोड बॅलन्सरचं अर्धं काम फुकटात.

ब्राउझरनी मात्र त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मोझिलाच्या बगझिलात ही मागणी १९९९ मध्येच नोंदवली गेली होती! त्याचा परिणाम आपण आजही भोगतो. आरएफसी १०३४ चा १९८७ पासूनचा नियम आहे की ज्या नावावर सीनेम आहे तिथे दुसरा रेकॉर्ड नको. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या मूळ डोमेनवर एसओए आणि एनएस (झोनची मूळ नोंद आणि नेमसर्व्हरांची नावं) असतातच, त्यामुळे तिथे सीनेम बसत नाही. ब्राउझर एसआरव्ही वाचत असते तर ही अडचणच नव्हती. मग प्रत्येकाचा आपापला जुगाड. कुणाचा एलियस, कुणाचा एनेम, कुणाचं सीनेम फ्लॅटनिंग. झोन (डोमेनचे सगळे रेकॉर्ड) एकाकडून दुसऱ्याकडे हलवला की जुगाड मागेच राहतो.

ॲपच्या टोकाला माझ्या मते खरा गुन्हेगार एकच आहे: गेटॲड्रइन्फो. जगातले बहुतेक प्रोग्राम नाव शोधायला हे एकच फंक्शन बोलावतात. नाव द्या, आयपी पत्ते घ्या. एसआरव्ही नाही, टीएक्सटी नाही, उत्तराचा टीटीएल (किती वेळ जपून ठेवायचं) किती ते नाही, डीएनएसएसईसीची (उत्तर खरं असल्याची) सही पडताळली गेली का तेही नाही. याच्या पलीकडचं काही हवं असेल तर प्रोग्रामरने वेगळी डीएनएस लायब्ररी ओढायची. एवढा उपद्व्याप कोण करतो?

तुमच्याकडचे नमुने टाका. शिव्या चालतील, पण रेकॉर्डला नकोत, सॉफ्टवेअरला द्या.

साधा_वाचक

वाखू (वाचनखूण) साठवली. अर्धं डोक्यावरून गेलं, उरलेलं संध्याकाळी पुन्हा वाचतो.

टीटीएल_संपला

धागा छान, पण ब्राउझरवाल्यांची बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

एसआरव्ही वेबला का चाललं नाही? एक, आधी एसआरव्ही विचारा, मग त्यात मिळालेल्या नावाचा ए विचारा. पान उघडायच्या आधीच जास्तीची फेरी. आणि तेव्हा ९९.९ टक्के साइटना एसआरव्ही नव्हताच, म्हणजे ही फेरी जवळजवळ नेहमीच वाया. दोन, ऑफिसांच्या फायरवॉलमधून ८० आणि ४४३ सोडून काही बाहेर जात नाही, मग पोर्ट बदलायची मुभा घेऊन करायचं काय? तीन, अंडरस्कोरवाली नावं पुढे जोडायची असल्याने वाइल्डकार्ड (सगळ्या उपडोमेनना मिळून एकच रेकॉर्ड) नीट बसत नाही.

आणि शेवटी त्यांनी काहीच केलं नाही असंही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आरएफसी ९४६० आला. त्यातला एचटीटीपीएस रेकॉर्ड, प्रकार क्रमांक ६५, या तिन्ही गोष्टी बघून केलेला आहे. साइटच्या त्याच नावावर बसतो, म्हणून वाइल्डकार्ड चालतं. ए आणि क्वाड-एच्या बरोबरीनेच विचारता येतो, म्हणून वेगळी फेरी नाही. उत्तरात साइट एचटीटीपी/३ (वेबचा नवा प्रोटोकॉल) बोलते का ते पहिल्याच झटक्यात कळतं, पत्त्यांचे इशारे असतात, आणि ईसीएचची (साइटचं नाव लपवणाऱ्या एन्क्रिप्शनची) किल्लीही त्यातूनच येते. ॲपलची उपकरणं २०२० पासून, म्हणजे आरएफसी व्हायच्या तीन वर्षं आधीपासून हा प्रकार विचारतायत. घरी पाय-होल (जाहिराती अडवणारा घरगुती डीएनएस) असेल तर लॉगमध्ये ६५ च्या रांगा दिसतील, त्या आयफोनच्या.

झोनफाईलवाला

@टीटीएल_संपला, पहिला आणि तिसरा मुद्दा मान्य. पण पोर्टचं म्हणाल तर आज घरोघरी आणि व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागे चार सेवा कोंबलेल्या असतात. तिथे पोर्ट सांगता येणं म्हणजे चैन नाही.

६५ नंबर मलाही आवडतो. त्यात 'एलियस मोड' आहे, प्राधान्य शून्य टाकलं की मूळ डोमेनवरचा सीनेमचा प्रश्न कायमचा मिटतो. कागदावर. प्रत्यक्षात एलियस मोड सगळे वाचत नाहीत, त्यामुळे ए रेकॉर्ड काढून टाकायची छाती कुणाची होत नाही. ए ठेवायचाच असेल तर एलियस मोडचा फायदा काय राहिला? कर्ल या डाउनलोड टूलमध्ये हा सपोर्ट अजून प्रायोगिक म्हणून वेगळा बिल्ड करावा लागतो. फायरफॉक्स तर बराच काळ हा रेकॉर्ड फक्त डीओएच (एचटीटीपीएसमधून डीएनएस) चालू असतानाच विचारायचा. का? कारण ऑपरेटिंग सिस्टिमच्या नेहमीच्या कॉलमधून ६५ प्रकार मिळतच नव्हता. फिरून पुन्हा गेटॲड्रइन्फो!

आणि हा रेकॉर्ड पसरला कसा तेही बघा. क्लाउडफ्लेअरने आपल्या प्रॉक्सीमागच्या डोमेनना तो आपणहून लावला, ॲपलने आपल्या फोनमधून विचारायला सुरुवात केली. डोमेनमालकाला पत्ताही नाही की आपल्याकडे असा रेकॉर्ड आहे. दोन्ही टोकं दोन-चार बड्या कंपन्यांच्या हातात असली की नवा प्रकार चालतो. लहान पॅनेलमध्ये हाताने भरायला जा, ६५ यादीत नसतो.

मेलवाली_मीनल

मेलचं नाव निघालंय तर थोडं सविस्तर लिहिते, रोजीरोटी तीच आहे.

नवा रेकॉर्ड प्रकार कसा मरतो याचं पोस्टमॉर्टेम बघायचं असेल तर एसपीएफ (डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो ते सांगणारी नोंद) बघा. २००६ च्या आरएफसी ४४०८ मध्ये एसपीएफला स्वतःचा प्रकार मिळाला, क्रमांक ९९. तोपर्यंत लोक टीएक्सटी वापरत होते, म्हणून दोन्ही ठेवा असं ठरलं. झालं काय, पॅनेलमध्ये ९९ दिसेना, म्हणून लोक टीएक्सटीच भरत राहिले. लोक ९९ भरेनात, म्हणून तपासणारे तो विचारेनात. कोणी विचारत नाही, मग पॅनेलवाले कशाला घालतील? २०१४ च्या आरएफसी ७२०८ ने ९९ ला रीतसर मूठमाती दिली. डीकेआयएम (मेलवरची सही), डीएमएआरसी (तपासणीत नापास मेलचं काय करायचं), एमटीए-एसटीएस (मेल एन्क्रिप्ट करूनच पाठवायची सक्ती), सगळे सरळ टीएक्सटीच्या दारात जाऊन बसले.

आता टीएक्सटीची अवस्था बघा. एखाद्या मध्यम कंपनीच्या मूळ डोमेनचा टीएक्सटी विचारा. एसपीएफच्या मागे सर्च कन्सोल, ऑफिसचं मेल, व्हिडिओ मीटिंग, सही करायचं सॉफ्टवेअर, अशा प्रत्येकाचं 'हे डोमेन माझंच आहे' म्हणणारं लांबच लांब टोकन. बरीच टोकनं अशा सेवांची ज्या कंपनीने कधीच बंद केल्या. कोणी काढत नाही, कारण कुठलं काढल्यावर काय बंद पडेल ते कुणालाच ठाऊक नसतं. आणि एसपीएफ तपासणाऱ्याला ते सगळं बाड घ्यावं लागतं.

एक गोष्ट जवळून दाखवते. टीएक्सटीमधली एक स्ट्रिंग २५५ बाइटांपेक्षा मोठी असू शकत नाही. २०४८ बिटांची डीकेआयएम किल्ली बेस-६४ मध्ये ३९२ अक्षरांची होते. म्हणजे ती दोन तुकड्यांत द्यावी लागते, आणि वाचणाऱ्याने ते तुकडे मध्ये जागा न सोडता जोडायचे. नियम एवढा साधा. पॅनेलं काय करतात? एक पॅनेल २५५ नंतरचं मुकाट कापून टाकतं आणि वर हिरवी बरोबरची खूण दाखवतं. दुसरं अवतरण चिन्हंच किल्लीचा भाग म्हणून साठवतं. तिसरं दोन तुकड्यांचे दोन वेगळे रेकॉर्ड करतं, आणि रेकॉर्डांचा क्रम डीएनएसमध्ये ठरलेला नसतो, म्हणजे कधी शेपूट आधी, कधी डोकं आधी.

एका शाळेचं मेल पालकांच्या स्पॅममध्ये जात होतं, ते नेमकं पहिल्या प्रकारातलं. ओळखायची खूण सांगून ठेवते. नेहमीची २०४८ बिटांची आरएसए किल्ली 'एमआयआयबी' या अक्षरांनी सुरू होते आणि 'आयडीएक्यूएबी'ने संपते. डिग (डीएनएसला विचारायची कमांड) मारून बघा. शेवट तसा नसेल तर किल्ली वाटेत कुठेतरी कापली गेली. पॅनेलच्या हिरव्या खुणेवर जाऊ नका.

रात्रपाळी

मीनलताई, दंडवत. 'आयडीएक्यूएबी' भिंतीवर चिकटवून ठेवतो.

मेलवाली_मीनल

:) आणखी एक राहिलंच. २०११ च्या आरएफसी ६१८६ मध्ये मेल ॲपसाठी एसआरव्ही ठरवलेत. 'आयमॅप्स' आणि 'सबमिशन' अशी दोन नावं टाकली की वापरणाऱ्याने फक्त ईमेल पत्ता आणि पासवर्ड द्यायचा. सर्व्हर, पोर्ट ॲपने शोधायचं. थंडरबर्डने मात्र स्वतःची एक्सएमएल फाइलची ऑटोकॉन्फिग पद्धत काढली. आउटलुकची ऑटोडिस्कव्हर वेगळी, तीही एक्सएमएल. त्यामुळे मी तीन प्रकारे एकच माहिती ठेवते, आणि तरी महिन्याअखेरीला फोन येतो, 'मॅडम, इनकमिंग सर्व्हर काय टाकू?'

कोल्हापुरी_कंटेनर

गेटॲड्रइन्फोला शिव्या घालताय ते ठीक, पण खालची लायब्ररी कुठली आहे तेही बघा की राव.

आल्पाइन लिनक्सच्या डॉकर इमेजमध्ये मसल नावाची सी लायब्ररी असते. डीएनएसचं उत्तर यूडीपीत (एका पाकिटात) मावलं नाही तर टीसीपीवर जाऊन पुन्हा विचारायचं, हे १९८० च्या दशकापासून ठरलेलं आहे. मसलमध्ये ते आलं मे २०२३ च्या १.२.४ मध्ये! तोवर मोठं उत्तर आलं की तुटकं. आमच्या क्लस्टरमध्ये एका सर्व्हिसचे पॉड (चालू प्रती) वाढवले की काही कंटेनरना ती सर्व्हिस सापडेनाशी व्हायची आणि काहींना सापडायची. डेबियनवाले मजेत, आल्पाइनवाले बोंबलत. नेटवर्क टीम म्हणते डीएनएस बघा, डीएनएसवाले म्हणतात आमचं उत्तर बरोबर जातंय. दोघंही खरंच बोलत होते.

आणि टीटीएल! एवढा आटापिटा करून टीटीएल ६० सेकंद ठेवा, पाळतं कोण? जुन्या जावात सिक्युरिटी मॅनेजर चालू असेल तर एकदा सापडलेला पत्ता प्रोसेस मरेपर्यंत कॅशमध्ये. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या अपस्ट्रीममध्ये (मागच्या सर्व्हरांच्या यादीत) नाव लिहिलंत तर ते सुरू होताना एकदा विचारायचं आणि मग डोळे मिटायचे. पुन्हा विचारायची सोय आणि एसआरव्ही वाचायची सोय वर्षानुवर्षं पैसेवाल्या आवृत्तीत होती, फुकटवाल्यात आली नोव्हेंबर २०२४ मध्ये, १.२७.३ ला. एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरमध्ये एसआरव्ही २०१७ पासून आहे, ते सांगायला हवं.

गंमत म्हणजे कुबरनेटिस (कंटेनर सांभाळणारी प्रणाली) आपल्या नाव दिलेल्या प्रत्येक पोर्टसाठी एसआरव्ही आपणहून तयार करतं. कुणीही विचारत नाही. सगळे पोर्ट वायएएमएलमध्ये हाताने लिहितात.

बेळगावी_कुंदा

एसआरव्ही कोणी वापरत नाही हे पटत नाही. ऑफिसातलं विंडोज मशीन डोमेनला जोडता ना? विंडोज २००० पासून ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) शोधते ती एसआरव्हीनेच, एलडॅप आणि केर्बेरोसच्या नावाने. ते रेकॉर्ड उडाले की सोमवारी सकाळी लॉगिन बंद. एक्सएमपीपी, एसआयपी, मॅट्रिक्स या चॅट-कॉलच्या पद्धतीही त्यावरच. टेलिकॉमवाल्यांच्या आयएमएसमध्ये (कॉल इंटरनेटच्या पद्धतीने नेणाऱ्या यंत्रणेत) त्याच्या आधी एनएपीटीआर नावाचा आणखी एक रेकॉर्ड पण असतो, म्हणजे नाव शोधता शोधता दोन मजले चढायचे.

आमच्या घरात तर एसआरव्हीचा उद्धार भाच्याने केला. माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवतो. जावा आवृत्ती 'माइनक्राफ्ट' नावाचा एसआरव्ही वाचते, त्यामुळे मित्रांना पोर्ट सांगावा लागत नाही. पण त्याच्या वर्गातली निम्मी पोरं फोनवर बेडरॉक खेळतात, आणि बेडरॉक एसआरव्ही वाचत नाही. तेव्हा त्याच गेमच्या दोन आवृत्त्या, एका रेकॉर्डचे दोन कायदे. 'मामा, तुझं डीएनएस बिघडलंय' असं ऐकून घेतलं मी.

झोनफाईलवाला

@बेळगावी_कुंदा, भाच्याला माझ्याकडून चॉकलेट द्या. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत सर्व्हरही मायक्रोसॉफ्टचा, क्लायंटही मायक्रोसॉफ्टचा, रेकॉर्ड भरणाराही तोच. माणसाला पॅनेल उघडावंच लागत नाही.

दुसरा चालण्याचा मार्ग सक्तीचा. सीएए बघा. 'माझ्या डोमेनचं सर्टिफिकेट अमुक संस्थेनेच द्यावं' असं सांगणारा हा रेकॉर्ड २०१३ मध्ये ठरला आणि चार वर्षं पडून होता. ८ सप्टेंबर २०१७ पासून सीए/ब्राउझर फोरमने (सर्टिफिकेट देणारे आणि ब्राउझरवाले यांच्या मंचाने) सगळ्या सर्टिफिकेट देणाऱ्यांना तो तपासायची सक्ती केली. बघता बघता पॅनेलच्या यादीत सीएए आला. तांत्रिकदृष्ट्या एसपीएफचा ९९ आणि सीएएचा २५७ यांत पॅनेलवाल्याला काय फरक होता? दोन्ही म्हणजे फॉर्ममध्ये एक ओळ वाढवायची. फरक एवढाच की एकाच्या मागे कुणीतरी उभं होतं.

शंकासूर

नेहमीप्रमाणे विरोधी सूर लावतो.

डेनसाठीचा (सर्टिफिकेटचा ठसा डीएनएसमध्ये ठेवायच्या पद्धतीचा) टीएलएसए आणि एसएसएचएफपी (एसएसएच सर्व्हरच्या किल्लीचा ठसा) वगैरे मंडळी डीएनएसएसईसीवर उभी आहेत. आणि डीएनएसएसईसी म्हणजे स्वतःच्या पायावर पाडून घ्यायचा धोंडा. ३० सप्टेंबर २०२१ ला स्लॅकचं काय झालं ते आठवा. डीएनएसएसईसी चालू केलं, गडबड दिसली, डीएस रेकॉर्ड (वरच्या झोनमधला आपल्या किल्लीचा ठसा) काढून मागे फिरले. पण तो डीएस रिझॉल्व्हरांच्या (आपल्या वतीने डीएनएस विचारणाऱ्या सर्व्हरांच्या) कॅशमध्ये २४ तास राहणार होता. ज्यांच्याकडे होता त्यांना स्लॅक गायब. एवढ्या मोठ्या टीमची ही गत, आपण कोण? ब्राउझर 'सर्व्हफेल' (उत्तर मिळवता आलं नाही) आला तरी 'साइट सापडली नाही' एवढंच सांगतो, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणतं तुमचा सर्व्हर बंद आहे.

म्हणून जीमेलसारख्यांनी डेन घेतलं नाही, २०१८ चं एमटीए-एसटीएस घेतलं. शहाणपण आहे ते.

मेलवाली_मीनल

शंकासूरजी, एमटीए-एसटीएस चालवून बघा एकदा. टीएक्सटी रेकॉर्ड वेगळा, वर 'एमटीए-एसटीएस' नावाचा उपडोमेन, त्यावर वेब सर्व्हर, त्याचं सर्टिफिकेट, त्यात पॉलिसीची टेक्स्ट फाइल. म्हणजे मेल सुरक्षित करायला वेबसाइट पाळायची. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये डेन २.११ पासून, जानेवारी २०१४ पासून आहे. बाहेर जाणाऱ्या मेलसाठी दोन ओळींचं कॉन्फिग. मायक्रोसॉफ्टनेही एक्सचेंज ऑनलाइनमधून बाहेर जाणाऱ्या मेलसाठी २०२२ मध्ये डेन आणलं. 'कोणीच करत नाही' असं राहिलेलं नाही.

झोनफाईलवाला

@शंकासूर, स्लॅकचा किस्सा खरा आहे आणि भीतीही रास्त. पण त्या भीतीतला मोठा वाटा पुन्हा सॉफ्टवेअरचाच. २०१४ च्या आरएफसी ७३४४ मध्ये सीडीएस रेकॉर्ड आहे: किल्ली बदलली की आपल्याच झोनमध्ये सही करून सांगायचं, वरची रजिस्ट्री ते वाचून डीएस बदलते. स्वित्झर्लंडची डॉट-सीएच आणि चेकची डॉट-सीझेड ते वाचतात. बाकी बऱ्याच ठिकाणी आजही रजिस्ट्रारच्या फॉर्ममध्ये चौसष्ट अक्षरांचा हॅश हाताने चिकटवायचा. कुठे तर त्यासाठी सपोर्ट तिकीट, आणि पलीकडचा माणूस विचारतो, 'सर, नेमसर्व्हर बदलायचाय का?' असं काम माणसाच्या हातात ठेवलं की अपघात होणारच.

'साइट सापडली नाही'चंही तेच. २०२० च्या आरएफसी ८९१४ प्रमाणे रिझॉल्व्हर उत्तरासोबत कारण सांगू शकतो: सहीची मुदत संपली, डीएस जुळत नाही, सरकारी आदेशाने अडवलंय, काय ते. अनबाउंड, बाइंड, मोठे सार्वजनिक रिझॉल्व्हर सांगतातही. पण ते कारण वापरणाऱ्यापर्यंत पोहोचवायला गेटॲड्रइन्फोत जागाच नाही.

एसएसएचएफपीचं सांगतो, कारण तो मी रोज वापरतो. पहिल्यांदा सर्व्हरला एसएसएच केलं की ठसा दाखवून 'येस ऑर नो' विचारतं. आजवर कुणी तो ठसा ताडून पाहिलाय? २००६ पासून तो ठसा डीएनएसमध्ये ठेवायची सोय आहे. एसएसएच-कीजेनला 'वजा आर' आणि होस्टचं नाव दिलं की रेकॉर्ड आयते छापून मिळतात. ओपनएसएसएचमध्ये 'व्हेरिफायहोस्टकीडीएनएस' चालू करा, झालं. झालं म्हणजे, व्हायला हवं. २०२० च्या जीलिबसी २.३१ पासून 'सही पडताळली' सांगणारा एडी बिट डीफॉल्टने पुसला जातो, जोवर रिझॉल्व्ह-कॉन्फमध्ये 'ट्रस्ट-एडी' लिहीत नाही. निर्णय योग्य आहे, कुठल्याही कॅफेच्या वायफायच्या बिटावर विश्वास का ठेवायचा? लोकल अनबाउंड चालवा आणि मग ट्रस्ट-एडी लिहा. पण ही ओळ माहीत नसेल तर एसएसएच पुन्हा तोच प्रश्न विचारत राहतं आणि आपल्याला वाटतं रेकॉर्डच चुकला.

रात्रपाळी

माझा पोटतिडकीचा विषय: आरएफसी २१३६, एप्रिल १९९७. डायनॅमिक अपडेट. झोनमध्ये रेकॉर्ड घालायला-काढायला प्रमाणित पद्धत, सोबत टीसिगची (दोघांकडे असलेल्या किल्लीची) सही. एनएसअपडेट हे टूल जवळपास प्रत्येक लिनक्सवर एका पॅकेजच्या अंतरावर आहे.

तरीही वाइल्डकार्ड सर्टिफिकेटसाठी लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं डीएनएस-०१ आव्हान (ठरावीक टीएक्सटी लावून डोमेन आपलं असल्याचा पुरावा) पुरं करायला प्रत्येक डीएनएस कंपनीचा वेगळा एपीआय आणि त्याचं वेगळं प्लगइन! एसीएमई डॉट एसएच या सर्टिफिकेट आणणाऱ्या टूलच्या फोल्डरमध्ये शंभरावर स्क्रिप्ट आहेत, सगळ्यांचं काम एकच: एक टीएक्सटी घाल, एक टीएक्सटी काढ.

बरं, नुसता कंटाळा असता तर चाललं असतं. बऱ्याच कंपन्यांची एपीआय की म्हणजे अख्ख्या खात्याची चावी. वेब सर्व्हरवर ती ठेवली आणि सर्व्हर फुटला, तर घुसणारा एमएक्ससुद्धा बदलू शकतो. बाइंडमध्ये अपडेट-पॉलिसी लिहून सांगता येतं की या किल्लीला फक्त या एका नावावर, फक्त टीएक्सटी लिहायची मुभा. इतक्या जुन्या सॉफ्टवेअरची ही बारीक परवानगी आजच्या बऱ्याच चकचकीत डॅशबोर्डांना जमत नाही.

मी काय करतो: मुख्य झोन कंपनीकडेच ठेवतो. 'एसीएमई-चॅलेंज'च्या नावावर एकदाच सीनेम टाकतो, माझ्या छोट्या व्हीपीएसवरच्या बाइंडमधल्या झोनकडे. लेट्स एन्क्रिप्ट सीनेमच्या मागे जातं. सर्टबॉटला आरएफसी २१३६ चं प्लगइन आहेच. मुख्य खात्याची चावी कुठल्याच सर्व्हरवर नाही.

देवनागरी_डोमेन

थोडं बाजूचं, पण सपोर्टचंच रडगाणं. डॉट-भारत ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत सुरू झालं, मराठी आणि कोकणीसकट. डीएनएसला त्याचं काही वाटत नाही, आत पुनीकोडच (नावाचं इंग्रजी अक्षरांतलं रूप) फिरतो. बाहेरच्या सॉफ्टवेअरला वाटतं. फॉर्ममध्ये टाका, 'वैध पत्ता टाका'. चॅटमध्ये चिकटवा, लिंक होत नाही किंवा अर्धीच होते. ईमेलचं तर विचारू नका. देवनागरी पत्त्यांसाठी आरएफसी ६५३१ २०१२ चा, पोस्टफिक्सला ते २०१५ पासून येतं, पण वेबसाइटच्या फॉर्ममधला रेग्युलर एक्स्प्रेशन अजून ए ते झेडमध्येच.

मराठीला एक खास दुखणं आहे. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: स्वतंत्र ऱ घेऊन, किंवा र, हलंत आणि मग न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे. २००३ चे आयडीएनचे (इतर लिप्यांतल्या डोमेनचे) नियम तो जोडक गाळून टाकायचे, म्हणजे रफार होऊन शब्दच बदलायचा. २००८ चे नियम हलंतानंतर जोडक चालवून घेतात. आता कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या नियमावर चालतं त्यावर तुमची लिंक कुठे जाणार ते ठरतं. माझा सल्ला, डोमेनच्या नावात ऱ्य आणि ऱ्ह टाळाच.

टीटीएल_संपला

हे माहीत नव्हतं. जबरी.

अवांतर: कोणी एलओसी वापरतं का? १९९६ चा रेकॉर्ड, अक्षांश-रेखांश-उंची ठेवायला. मी माझ्या डोमेनला १८ अंश ३१ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटं पूर्व, ५६० मीटर असा लावलाय. उंची ४२ हजार किलोमीटरच्या वरपर्यंत भरता येते, म्हणजे भूस्थिर उपग्रहावर सर्व्हर ठेवलात तरी सोय आहे. वाचणारं ॲप मात्र डिग सोडून एकही माहीत नाही.

बेळगावी_कुंदा

पुणेकर मध्यभागी रेकॉर्ड लावणार, यात नवल ते काय :)

साधा_वाचक

संध्याकाळी पुन्हा वाचलं, आता बरंच कळलं. माझं एक डोमेन आहे, त्यावर फक्त ब्लॉग, मेल नाही. पॅनेलमध्ये झोनफाईलवाल्यांनी सांगितलेली तीच सात नावं. उद्या बसून काय करू? आणि एसएसएचएफपी वापरायचा असेल तर होस्टिंग बदलावं लागेल का?

मेलवाली_मीनल

मेल नसेल तर नल एमएक्स टाका: प्राधान्य शून्य, सर्व्हरच्या जागी नुसता टिंब. आरएफसी ७५०५. म्हणजे चुकून तुमच्या डोमेनला पाठवलेलं मेल दिवसेंदिवस रांगेत न लटकता लगेच परत जाईल. एसपीएफमध्ये 'वजा ऑल' आणि डीएमएआरसीला 'रिजेक्ट', म्हणजे तुमच्या नावाने दुसरं कोणी पाठवलेलं नाकारलं जाईल. पॅनेलने टिंब घ्यायला नकार दिला (देतात!) तर सपोर्टला आरएफसीचा नंबर देऊन तिकीट टाका. दोनदा नाही म्हणतील, तिसऱ्यांदा वरच्या माणसाकडे जातं.

झोनफाईलवाला

@साधा_वाचक, सीएए तुमच्या यादीत आहे, तो आजच भरा. ब्लॉगचं सर्टिफिकेट ज्यांच्याकडून येतं त्यांचं नाव आधी बघून घ्या, नाहीतर पुढचं नूतनीकरण अडेल.

होस्टिंग बदलायची गरज नाही. दोन वाटा आहेत. सोपी वाट: एक उपडोमेन, समजा 'यंत्र', एनएस रेकॉर्ड टाकून स्वतःच्या व्हीपीएसवरच्या नॉट किंवा बाइंडकडे सोपवा. तिथे एसएसएचएफपी, टीएलएसए, ६५, हवं ते घाला. दुसरी वाट: अख्खा झोन स्वतःच्या लपवलेल्या प्रायमरीवर ठेवायचा आणि कंपनीचे सर्व्हर सेकंडरी (प्रत ठेवणारे) म्हणून लावायचे. झोन ट्रान्स्फरने गेलेला रेकॉर्ड त्यांच्या पॅनेलला ओळखता आला नाही तरी सर्व्हर तो देतो. पण सेकंडरीची सोय सगळे देत नाहीत, देतात ते कधी वरच्या प्लॅनमध्येच देतात. एवढं बघून घ्या.

साधा_वाचक

सोपी वाट. एनएस यादीत नाहीये पण 'ॲडव्हान्स्ड' दाबल्यावर दिसतोय. व्हीपीएसवर एकच आयपी आहे, दोन नेमसर्व्हर लागतात ना?

रात्रपाळी

एकावर चालतं, फक्त तो बंद पडला की उपडोमेन गेलं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्या बाइंडवर तुमचा सेकंडरी ठेवतो. टीसिगची किल्ली तेवढी व्यनिमध्ये पाठवू नका, ती आपण दुसऱ्या मार्गाने देऊ-घेऊ.